बेताची हवा

टोमॅटोच्या हातगाडीला मी धडकले तेव्हा माझा वेग फारसा नव्हता. पंचवटीतल्या भाजीबाजाराकडून आमच्या घराकडे वळणारा रस्ता असा आहे की तिथे कुणालाच वेगात जाता येत नाही. शाळा सुटली होती, स्कूटीच्या डिकीत नववीचे गणिताचे पेपर होते आणि ऊन बऱ्यापैकी उतरलं होतं. स्कूटीचं चाक हातगाडीच्या चाकावर आदळलं, गाडी कलली आणि वर रचलेले टोमॅटो घरंगळत रस्त्यावर आले. मी पाय टेकला, म्हणून पडले नाही.

चार माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, जरा बघून चालवा की." हातगाडीवाले चाचा वयस्कर होते, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. त्यांनी आधी माझी स्कूटी धरली, मला उतरू दिलं, मग टोमॅटो गोळा करायला वाकले. मीही वाकले. माणसं पांगली तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमचे डोळे मिटलेले होते. मी समोरूनच बघत होतो. तुम्ही झोपल्या होत्या."

"नाही हो, ब्रेक लागला नाही," मी म्हणाले.

त्यांनी वाद घातला नाही. "घरून कुणाला तरी बोलवा," म्हणाले. "आता चालवत जाऊ नका."

मी नवऱ्याला फोन केला. ते रिक्षाने आले, स्कूटी त्यांनी घेतली, मी मागे बसले. फुटलेले टोमॅटो मी पिशवीत भरून घेतले होते, त्यामुळे त्या संध्याकाळी आमच्याकडे साराचं पातेलं भरून वाहत होतं. जेवताना त्यांनाही मी ब्रेकचंच कारण सांगितलं.

आमचे हे सातपूरच्या एका कारखान्यात हवेच्या कंप्रेसरवर होते. निवृत्त होऊन तीन-चार वर्षं झाली तरी हात स्वस्थ बसत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर स्कूटी जिन्याखाली उभी आणि हे फडक्याने हात पुसतायत.

"ब्रेक ठीक आहेत," ते म्हणाले.

पुढे काही विचारलं नाही. चहा झाला, मी डबा भरला आणि मग मला सांगावंच लागलं. "मला झोप लागली होती," मी म्हणाले. "गाडीवर."

ही गोष्ट नवीन नव्हती, फक्त गाडीवर पहिल्यांदा झाली होती. गेली दोनेक वर्षं मी कुठेही झोपत होते. बसमध्ये, लग्नात, पेपर तपासताना. सकाळी उठले की डोकं जड, जसं काही आदल्या दिवशी उन्हात फिरले होते. मी कधी पाळी जाण्याच्या वयाला दोष दिला, कधी थायरॉइडला, कधी दहावीच्या जादा तासांना. शाळेत माझ्या शेजारच्या खुर्चीवर हिंदी शिकवणाऱ्या मॅडम बसतात. आम्ही दोघी एकाच वर्षी लागलो, त्यामुळे त्या मला काहीही सांगू शकतात. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"कालच्या मीटिंगमध्ये तुम्ही घोरत होतात. सरांच्या अगदी समोर. मी मुद्दाम खोकत बसले, म्हटलं आवाजात आवाज मिसळेल."

मी हसले, त्याही हसल्या. बाईच्या घोरण्याचं असंच होतं. पुरुष घोरला तर घरातल्यांना सवय होते, बाई घोरली तर गंमत होते. कळवणला सासरच्या एका लग्नात हॉलमध्ये सगळ्या बायकांच्या गाद्या ओळीने घातल्या होत्या आणि सकाळी माझ्या दोन्ही बाजूंच्या गाद्या लांब सरकलेल्या होत्या. नणंद म्हणाली, "वहिनी, तुम्ही तर लय जोरात गाडी चालवता." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण त्यानंतर मी परगावी मुक्काम टाळायला लागले.

ब्रेक ठीक निघाल्यावर ह्यांनी ओळखीतून एका छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. कॉलेज रोडला दवाखाना, डॉक्टर म्हणजे आमच्या मुलीच्या वयाची मुलगी. तिने माझी मान मोजली, घशात पाहिलं, झोपेबद्दल इतकं विचारलं की तेवढं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग एक छोटं यंत्र घरी दिलं. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाखाली बारीक नळी, असं सगळं लावून झोपायचं आणि सकाळी परत द्यायचं.

अहवाल आला तेव्हा आम्ही दोघं तिच्यासमोर बसलो होतो. तिने सांगितलं की झोपेत माझ्या घशाचे स्नायू सैल पडतात, वाट बंद होते, श्वास थांबतो आणि मेंदू मला दचकवून थोडंसं जागं करतो. सकाळपर्यंत हेच चाललेलं असतं, म्हणून आठ तास झोपूनही माझी झोप होतच नाही. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. मग ती ह्यांच्याकडे वळली.

"श्वास थांबतो हे तुमच्या कधी लक्षात आलं होतं का?"

"आलं होतं," हे म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"थांबला की मला जाग येते," ते डॉक्टरकडेच बघत सांगत होते. "मग मी परत सुरू व्हायची वाट बघतो. फारच लांबलं तर खांदा हलवतो."

"किती दिवसांपासून?"

"बरेच झाले."

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"वय झालं की असं होत असेल असं वाटलं. आणि तुला घोरण्यावरून काही बोललेलं आवडत नाही."

ते खरं होतं. माझ्या झोपेची मला एवढी काळजी होती, पण शेजारचं माणूस झोपतं की नाही हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

डॉक्टरने सी-पॅप मशीन लिहून दिलं. पावाच्या लादीएवढा डबा, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. मशीन खोलीतलीच हवा थोड्या दाबाने नाकात सोडत राहतं आणि त्या दाबाने घशाची वाट उघडी राहते. दाब किती हवा ते माणसागणिक वेगळं, म्हणून डॉक्टरने सुरुवातीला मशीन आपोआप दाब कमीजास्त करेल असं ठेवलं. खाली चार, वर वीस. "महिनाभर वापरा," ती म्हणाली. "मशीनमध्ये सगळी नोंद राहते. ती बघून मग मी तुमचा दाब बेताचा करून देईन. तोवर काही त्रास झाला तर फोन करा."

फोन करा हे तिने सांगितलं होतं, ते मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण आम्ही तेवढंच केलं नाही.

पहिल्या दिवसापासून मला मास्क लावला की गुदमरायला व्हायचं. चारच्या दाबाला हवा इतकी बारीक यायची की आपण श्वास ओढतोय आणि समोरून पुरेसं येतच नाही असं वाटायचं. झोप लागल्यावर मशीन दाब वाढवत असणार, पण झोप लागायला तर हवी. मी मास्क काढायची, उठून पाणी प्यायची, पुन्हा लावायची.

"हवा पुरत नाही हो," मी ह्यांना म्हणायची.

ते मशीनच्या पडद्याकडे बघायचे. "चारवर आहे," म्हणायचे. "चार म्हणजे काय, काहीच नाही."

ज्या माणसाने सगळं आयुष्य हवेच्या दाबाबरोबर काढलं, त्याच्या उशाशी हवेचं मशीन ठेवलं आणि त्यात हवा कमी पडते आहे असं रोज सांगितलं, तर तो काय करेल हे मला कळायला हवं होतं. पण दहावीची परीक्षा तोंडावर होती आणि माझं लक्ष सराव परीक्षांच्या गठ्ठ्यांत होतं.

मग एक दिवस मास्क लावल्याबरोबर भरपूर हवा आली. मला एकदम मोकळं वाटलं. सकाळी मी म्हणाले, "काल मशीन छान चाललं." हे स्वयंपाकघरात शीळ घालत होते. हे शीळ घालतात म्हणजे त्यांचं एखादं यंत्र दुरुस्त झालेलं असतं.

पुढचा आठवडा मात्र वाईट गेला. सकाळी उठावं तर पोट ढोलासारखं फुगलेलं. ढेकरावर ढेकर. दहावीच्या वर्गात फळ्यावर समरूप त्रिकोण काढताना मला असा ढेकर आला की पहिल्या बाकावरच्या मुलींनी वह्या तोंडापुढे धरल्या. झोपेत मास्कच्या कडेतून हवा निसटायची, सूं सूं आवाज यायचा आणि ती हवा थेट डोळ्यात जायची. डोळे लाल. हवा निसटू नये म्हणून मी पट्टे घट्ट आवळले, तर नाकावर आणि गालांवर वळ उठले. श्वास सोडताना तर कुणी समोरून ढकलतंय असं वाटायचं.

हिंदीच्या मॅडम म्हणाल्या, "नवा चष्मा टोचतोय का?"

मी नाही म्हणाले, पण मास्कचं सांगितलं नाही. मला त्याची लाज वाटत होती.

शेवटी एका सकाळी मी मशीन पुसलं, त्याच्या पिशवीत घातलं आणि कपाटावर टाकलं. "मला नाही जमत," मी ह्यांना सांगितलं. "लोक घोरत घोरत जगतातच ना? मीही जगेन."

"अजून थोडं वाढवून बघू या का?" हे म्हणाले.

"काय वाढवून?"

"नाही, म्हणजे, डॉक्टरला विचारून."

तेव्हा मला शंका आली नाही. मशीन वर पडून राहिलं आणि दोन-चार दिवसांतच माझं पूर्वीसारखं सुरू झालं. एका संध्याकाळी मी पोळ्या लाटता लाटता ओट्यावर डोकं टेकलं. तव्यावरची पोळी जळाल्याचा वास बाहेरच्या खोलीत गेला आणि हे धावत आले. त्यांनी गॅस बंद केला, मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः कपाटावरची पिशवी खाली काढली. "उद्या डॉक्टरकडे जायचं," ते म्हणाले. त्यांचा आवाज तसा नेहमीचाच होता, पण मी नाही म्हणू शकले नाही.

डॉक्टरने मशीनमधलं कार्ड काढून आपल्या संगणकात घातलं. पडद्यावर रंगीत रेघा आल्या. ती थोडा वेळ बघत राहिली, मग मागे गेली, मग पुन्हा पुढे आली.

"खालचा दाब बारा कुणी केला?"

"मशीननेच केला असेल," मी म्हणाले. "आपोआप बदलतं ना ते?"

"मी दिलेल्या मर्यादेत बदलतं. मर्यादा ते स्वतः नाही बदलत."

हे खुर्चीत थोडे पुढे सरकले आणि म्हणाले, "मी केला."

"कसा?"

"मोबाइलवरच्या व्हिडिओत एका माणसाने दाखवलं होतं. दोन बटणं एकदम दाबून धरली की आतलं पान उघडतं." मग जरा थांबून, "ही म्हणायची हवा पुरत नाही. आधी दहा केला. ही म्हणाली छान चाललं. मग बारा केला."

मला इतका राग आला की माझे कान तापले. पण डॉक्टर रागावली नाही. तिने संगणकाचा पडदा ह्यांच्याकडे वळवला.

"काका, तुमचं निम्मं बरोबर आहे," ती म्हणाली. "चार त्यांना कमीच पडत होतं. हे पहिले दिवस बघा, झोप लागली की मशीन आठ-नऊपर्यंत जातंय आणि तिथे श्वास अगदी नीट चालतोय. आता हे बाराचे दिवस बघा. एवढी हवा नको आहे, मग ती पोटात जाते. मास्क उचलला जातो. ही सगळी रेघ म्हणजे फटीतून वाया गेलेली हवा. आणि हे इथे." तिने पेनाचं टोक ठेवलं. "इथे घसा उघडा आहे. वाट मोकळी आहे. तरी श्वास थांबलाय. दाब गरजेपेक्षा जास्त झाला की काही जणांचा मेंदू श्वास घ्यायची सूचनाच द्यायचा थांबतो."

हे त्या जागेकडे बघत राहिले.

"म्हणजे हा माझ्यामुळे थांबला?"

"काही वेळा थांबलाय. दाब कमी केला की जाईल, घाबरण्यासारखं काही नाही. पण पुन्हा मला विचारल्याशिवाय नाही करायचं."

"नाही करणार," हे म्हणाले. मी त्यांना चाळीस वर्षांच्या जवळपास ओळखते. कारखान्यात बोटाला यंत्र लागलं होतं तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

डॉक्टरने त्या दिवशी फक्त खालचा दाब बदलला. बाराचा सात. "बाकीचं पुढच्या वेळी," ती म्हणाली. "सगळं एकदम बदललं तर कशाने बरं वाटलं ते कळत नाही." मी गणित शिकवते, हे मला एकदम पटलं. तिने अजून एक सांगितलं, झोप लागेपर्यंत हवा हळूहळू वाढवत नेणारी जी सोय असते ती आधीपासून बंदच आहे, ती तशीच राहू द्यायची, म्हणजे पहिल्या श्वासापासून सातची हवा मिळेल आणि गुदमरणार नाही.

घरी आल्यावर चपला काढता काढता मी बोलले.

"मला विचारायचं तरी. माझ्या नाकात जाणारी हवा आहे ती."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"मग नको म्हणाले असते! पुढे?"

"पुढे तू मशीन काढून ठेवलं असतंस," हे म्हणाले. "आणि मला परत ऐकत पडावं लागलं असतं."

राग गेला असं नाही, दोन दिवस तो होताच. मी भाजीत मीठ आहे का एवढंच विचारायची आणि ते आहे एवढंच सांगायचे. पण 'ऐकत पडावं लागलं असतं' हे त्यांचं वाक्य मला पुढे भांडू देईना. तिसऱ्या दिवशी आम्ही वाटणी केली. आतलं पान फक्त डॉक्टरचं. मास्क धुणं, हवा ओलसर ठेवणाऱ्या मशीनच्या भांड्यात पाणी भरणं आणि गाळणी बदलणं ह्यांचं. हवा कशी वाटते ते सांगणं माझं, आणि ते खरं सांगायचं, मशीन रुसेल असं समजून गोड बोलायचं नाही.

तेव्हापासून आमच्या गॅलरीत दोरीवर रोज सकाळी मोज्यांच्या शेजारी मास्क वाळत असतो. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, हे काय हो? ह्यांनी वरून ओरडून सांगितलं, "हिची हवा आहे." सगळ्या बिल्डिंगला कळलं. मला वाटलं होतं त्याहून कमी वाईट वाटलं.

सात चांगला निघाला. गुदमरणं गेलं, पोटही बसलं. पण झोपेत मशीन कधीकधी चौदा-पंधरापर्यंत चढायचं आणि तेव्हा मास्क फुरफुरायचा. पुढच्या खेपेला डॉक्टरने वरची मर्यादा विसावरून अकरावर आणली. त्याच्या पुढच्या खेपेला श्वास सोडताना दाब किंचित कमी होईल अशी एक सोय चालू केली आणि मास्क एक माप लहान दिला. मी इतके दिवस मोठा मास्क आवळून आवळून बसवत होते. लहान मास्क सैल पट्ट्यांनीही बसला. नाकावरचे वळ गेले.

एका सकाळी मी उठले आणि बराच वेळ मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. चहा गाळताना लक्षात आलं की डोकं जड नाही. त्या दिवशी शेवटच्या तासाला मी नववीला एक प्रमेय दोनदा शिकवलं, कारण मागच्या बाकांना कळलं नव्हतं, आणि दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा चांगलं शिकवलं. स्कूटी मी बरेच दिवस काढली नव्हती. डॉक्टरने चालवा म्हटल्यावर काढली. भाजीबाजारात चाचांनी मला ओळखलं. टोमॅटो तोलता तोलता म्हणाले, "आता डोळे उघडे असतात ना?" मी हो म्हणाले आणि काय झालं होतं तेही सांगितलं. त्यांनी दोन टोमॅटो वर टाकले.

थंडीत मात्र नवीनच प्रकार झाला. नाशिकची थंडी, त्यात आमची खिडकी नदीच्या बाजूची. मशीनमधली ओलसर कोमट हवा गार नळीतून येताना नळीतच पाणी साचायला लागलं. श्वास घेतला की गुडगुड आवाज आणि मधूनच थेंब थेट नाकात. मी सरळ डॉक्टरला फोन केला. हे माझ्याकडे बघत उभे होते, हात पाठीमागे. डॉक्टरने ओलावा एक पायरी कमी करायला सांगितला, तेवढं आम्ही करू शकतो म्हणाली, आणि नळी पांघरुणाखालून घ्या किंवा तिला काहीतरी गुंडाळा म्हणाली. ह्यांच्या जुन्या मरून स्वेटरची बाही मी उसवली आणि तिची नळीला खोळ शिवली. गुडगुड थांबली.

हिंदीच्या मॅडमना मी सगळं सांगितलं ते या थंडीतच. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या भाईजानकडेही असंच मशीन आहे. घोटीला. वापरतच नाहीत. भाभी फार काळजीत आहे. तुम्ही एकदा बोलाल का त्यांच्याशी?"

एका रविवारी आम्ही दोघं एसटीने घोटीला गेलो. त्यांचा तांदळाचा व्यापार आहे, दुकानामागेच घर. भाईजान धिप्पाड माणूस, बोलताना मध्येच डोळे जड होत होते. ते मला लगेच कळलं. चहा आला, खारी आली आणि मग त्यांनी पलंगाखालून मशीन ओढून काढलं. वर धूळ होती.

"लय तरास देतं, मॅडम," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी असं वाटलं, कुणी उशीच दाबली तोंडावर. तुमचं चांगलं चालतं म्हणे. आकडा काय तुमचा? तोच टाकतो मी."

"माझा आकडा तुम्हाला नाही चालायचा," मी म्हणाले. "माझा घसा वेगळा, तुमचा वेगळा."

"अंदाजाने तरी सांगा की."

मी सांगितला नाही. त्यांनी मशीन उचललं आणि ह्यांच्या मांडीवर ठेवलं. "साहेब, बहीण सांगत होती, तुम्ही कारखान्यात होते. तुम्हाला येतं ना हे? जरा बघा की."

ह्यांनी मशीनकडे पाहिलं. बटणं त्यांच्या बोटांपासून वीतभर लांब होती.

"येतं," ते म्हणाले. "म्हणूनच हात लावत नाही."

आणि मग त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. दोन बटणं, दहा, बारा, माझं पोट, पडद्यावरची ती जागा जिथे वाट मोकळी असूनही श्वास थांबला होता. ते शेवटचं सांगताना त्यांनी आवाज खाली आणला. भाईजान खारी हातात धरून ऐकत होते, खायचं विसरले होते. दाराशी भाभी उभी होती. तिने ह्यांना विचारलं, "मग तुम्हीबी जागे राहायचे का?"

"हो," हे म्हणाले.

"मलाबी झोप नाय. श्वास थांबला की मी ह्यांच्या नाकाखाली बोट धरते."

"मी खांदा हलवायचो."

"हलवून नाय उठत ते. लय जड आहेत," भाभी म्हणाली, आणि भाईजानसकट सगळे हसले.

निघताना भाईजान म्हणाले, दवाखान्यात जाईन. मला खात्री नव्हती. माणसं पाहुण्यांना असं म्हणतात. पण भाभीने दुसऱ्याच आठवड्यात त्यांना नाशिकला आणलं, त्यांच्या त्यांच्या डॉक्टरकडे. तिथे कळलं की त्यांचं उलटं होतं, सुरुवातीलाच दाब फार जास्त ठेवलेला होता आणि ते झोपेत तोंड उघडं टाकत असल्यामुळे नाकाचा मास्क त्यांच्या उपयोगाचाच नव्हता. नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क मिळाला, सुरुवातीची हवा हळू केली. माझा सात त्यांनी टाकला असता तर काय झालं असतं कोण जाणे.

थंडी संपता संपता एका दुपारी त्यांचा फोन आला. भाईजान आधी बोलले, आवाज ठणठणीत होता. दुकानात दुपारी लवंडणं बंद झालंय म्हणाले. मग भाभीने फोन घेतला.

"मॅडम, ते तर झोपतात आता," ती म्हणाली. "मलाच झोप लागत नाय. आवाजच नाय ना काही. एवढं शांत असलं की भीती वाटते. उठून उठून बघते, श्वास चालू हाय का."

मी मास्क लावून झोपून जाते, त्या शांततेत शेजारच्याचं काय होतं हे मला ठाऊक नव्हतं. हे गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. मी त्यांच्याकडे फोन दिला आणि म्हणाले, घोटीहून आहे, तुमच्याशीच बोलायला हवं. त्यांनी झारी खाली ठेवली, ओला हात शर्टाला पुसला आणि फोन कानाला लावून बराच वेळ तिथेच उभं राहून बोलत राहिले.